चार नंबरचा पाळणा

मी तो सिनेमा पाहिलेला नाही.
माझी पाळी दोन ते बारा,
आणि खेळ सहाचा नि नवाचा.
पण चिआतुरात आता असं घर उरलं नाही
ज्यातलं कुणी जाऊन आलं नाही,
आणि जाऊन आलेलं प्रत्येक माणूस
घरी जायला माझ्याच पाळण्यात चढतं.
सहा मिनिटं लागतात. नदीवरून, दरीवरून,
मँगेनीजने काळ्या पडलेल्या गच्च्यांवरून.
सहा मिनिटांत माणसं खुनी बदलतात.

औषधाच्या दुकानातली लामारा म्हणाली,
मी पहिल्या अर्ध्या तासात ओळखलं,
त्या दंतवैद्याचे हात फार स्वच्छ होते.
नवरा म्हणाला, तू झोपली होतीस.
झोपेतच ओळखलं, ती म्हणाली.

खाणीतून निवृत्त झालेला वाझा भडकलेला:
रक्त कसलं ते, डाळिंबाचा रस!
आणि डोक्यात पहार बसल्यावर
एवढं बोलतं का कुणी?
माझ्यासमोर तिघं गेले,
एकानेही वाक्य पुरं केलं नाही.
मग वरपर्यंत पाळण्यात
नुसती तार वाजत राहिली.

दोन पोरी रडून लाल. खुनी देखणा होता.
त्यातली एक म्हणाली, त्याचं बालपण बघितलंस ना?
मागून ओतार मास्तर:
बालपण मलाही होतं.

पोलिसातला गोचा हसून हसून बेजार,
आमच्याकडे एक गाडी, तिलाही पेट्रोल नाही,
आणि यांच्या तीन-तीन पाठलाग करतात!
म्हाताऱ्या एतेरीचे मात्र पैसे वसूल,
कारण एका प्रसंगात मागे
तिने वाळत घातलेली चादर दिसते.
ती चादर बघायला ती चारदा गेली.
खून कुणाचा झाला, तिला विचारू नका.

असा तुकड्या-तुकड्याने माझ्याकडे
एक सिनेमा जमलाय.
त्यात दंतवैद्यही खुनी, जावईही,
आणि मंगळवारच्या नवाच्या खेळात तर कुणीच नाही,
तो बिचारा पाय घसरून पडला.

शनिवारी सगळे एकाच फेरीत आले.
तेव्हा पहिल्यांदा एकमत झालं.
प्रेत पाळण्यातून नेतात म्हणे,
गालिच्यात गुंडाळून,
आणि पाळणेवाली समोर बसून
सूर्यफुलाच्या बिया सोलते. तिला काही कळत नाही.
हे काही पटत नाही, मास्तर म्हणाले.
नाहीच पटत, म्हणाली लामारा, आणि दोन्ही पोरी.
डोळे आहेत की बटणं?
कथेला भोक पडलंय तिथे, गोचा म्हणाला,
आख्खा बैल जाईल त्यातून.
आणि सगळे माझ्याकडे वळून हसले:
तूच सांग, त्सियाला.

मी खटका ओढला.

तो हिवाळा अंधाराचा होता,
वीज दिवसातून दोन तास.
आठ वाजता पाळणा थांबला, दरीच्या मधोमध.
आत दोघे भाऊ आणि एक लांब गालिचा,
गालिच्यातून बाहेर एक बूट, डावा,
टाचेला नाल ठोकलेला.
पन्नास मिनिटं लटकत होतो आम्ही तिघं.
चौघं.
थोरल्याने खिशातून बिया काढल्या, पुढे केल्या.
मी घेतल्या.
खारट होत्या.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं,
असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय.
कुणी विचारलं नाही.

वर आलं, मी म्हणाले, पायरी बघून उतरा.
उतरता उतरता पोरी पुन्हा रडायला लागल्या,
वाझा पुन्हा डाळिंबावर आला,
आणि बाकी सिनेमा बरा होता, यावर
निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही.

उद्याची रजा टाकली आहे.
सहाचा खेळ, मागची रांग.
खुनी कुणीही असू दे.
मला एवढंच बघायचंय,
त्या बाईच्या हातात
बिया आल्या कुठून.